एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये चांगले खेळाडू स्वस्तात का सुटतात?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाने एकाच जागेसाठी लागोपाठ दोन वर्षांत दोन माणसं घेतली. पहिला ट्रे लान्स. २०२१ साली ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेता यावं म्हणून संघाने मायामीच्या संघाला आपला त्या वर्षीचा बारावा क्रमांक दिला. शिवाय २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांतले पहिल्या फेरीतले क्रमांक दिले आणि वर तिसऱ्या फेरीतला एक. दुसरा ब्रॉक पर्डी. २०२२ साली एकूण २६२ खेळाडूंची नावं पुकारली गेली, त्यातला हा २६२ वा. लान्स फोर्टीनाइनर्सकडून सुरुवातीपासून मैदानात उतरला असे सामने अवघे चार. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीतल्या एका क्रमांकाच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकलं. त्याच मोसमात पर्डीने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

या दोन्ही निवडी त्याच माणसांनी केल्या, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरव्यवस्थापक जॉन लिंच, प्रशिक्षक काईल शॅनहन आणि त्यांच्या हाताखालची स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी मंडळी. मग एकदा तीन वर्षांची पुंजी एका माणसावर लावून हात पोळले आणि एकदा बाजार उठताना तळाशी उरलेलं सोनं हाती लागलं, हे कसं? असे खेळाडू चमकले की बहुतेक जण 'पारखी नजर' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. खेळाडू स्वस्तात सुटतो त्याला कारणं असतात. ती बहुतेक वेळा खेळाडूत नसून बाजाराच्या रचनेत असतात.

म्हणून आधी बाजार. आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे. ज्याला खेळाडू हवा तो हात वर करतो, बोली चढते, आणि शेवटी ठरते ती त्या खेळाडूची किंमत. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नाही, रांग आहे. दर वसंतात ३२ संघ कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक नाव घेतात. आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ रांगेत पहिला, सुपर बोल जिंकलेला शेवटचा. अशा सात फेऱ्या. ज्या संघाचे मोठे खेळाडू करार संपून दुसरीकडे गेले असतील त्याला भरपाई म्हणून मधल्या आणि शेवटच्या फेऱ्यांत काही जादा क्रमांक मिळतात. रांगेतल्या आपल्या जागांची संघ आपसात देवाणघेवाण करू शकतात, अगदी पुढल्या दोन-तीन वर्षांच्या जागांचीही. खेळाडूला मात्र निवड नसते. ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायचं. १९३६ साली फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही पद्धत सुचवली, कारण मोजके बलवान संघच दरवर्षी चांगली मुलं उचलून नेत होते. त्या पहिल्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव जे बरवँगर यांचं होतं, आणि ते व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत. म्हणजे अंदाज चुकण्याची परंपरा पहिल्या नावापासूनची आहे.

आता पैसा. आधी पहिल्या क्रमांकाचा खेळाडू बोलाचाली करून हवा तो आकडा मागू शकत असे. २०१० साली सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमखास. एकही सामना खेळण्याआधी! पुढच्या वर्षी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करारनामा झाला आणि नवोदितांचे पगार क्रमांकाला बांधले गेले. २०११ चा पहिला क्रमांक कॅम न्यूटन. त्याला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून जितका क्रमांक खाली तितका पगार कमी, करार चार वर्षांचा, आणि तीन मोसम पुरे होईपर्यंत पगाराची फेरबोलणी करायचीच नाहीत. पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाला पाचव्या वर्षाची मुभाही असते.

याच्या जोडीला प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आहे. २०२३ साली ती होती २२ कोटी ४८ लाख डॉलर. त्यात पर्डीचा त्या वर्षीचा मूळ पगार ८ लाख ७० हजार, म्हणजे मर्यादेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्याच जागेवर खेळणाऱ्या इतर संघांच्या आघाडीच्या खेळाडूंचे करार वर्षाला ५ कोटींच्या पलीकडे चालले होते. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा, चेंडू कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा माणूस. खेळातली सगळ्यात महागडी जागा ती. तिथेच वाचलेला पैसा मग बाकीच्या संघावर लावता येतो.

म्हणून ड्राफ्टमध्ये 'कमी भावात गेलेला' याचा अर्थ नुसता 'उशिरा निवडलेला, पण चांगला निघालेला' असा नाही. मैदानावर त्याने दिलेलं काम वजा त्याच्यावर झालेला खर्च, ही बाकी मोठी असली पाहिजे. सिएटल सीहॉक्सचा फेब्रुवारी २०१४ चा सुपर बोल विजय याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. त्यांनी डेन्व्हरला ४३-८ असं अक्षरशः झोपवलं. क्वार्टरबॅक रसेल विल्सन तिसऱ्या फेरीतला, ७५ वा. त्या मोसमातला त्याचा पगार सव्वापाच लाख डॉलरच्या आसपास. बचावफळीतला रिचर्ड शर्मन पाचव्या फेरीतला, १५४ वा. कॅम चॅन्सेलर पाचव्याच फेरीतला, १३३ वा. डग बाल्डविनचं नाव तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माल्कम स्मिथ सातव्या फेरीतला, २४२ वा. या मंडळींनी वाचवलेल्या पैशातच सिएटलने आदल्या वर्षी मायकेल बेनेट आणि क्लिफ एव्हरिल यांच्यासारखे तयार बचावपटू बाहेरून आणले. दोन वर्षांनी याच पोरांना त्यांच्या कामाचे पैसे द्यायची वेळ आली आणि ते गणित पुन्हा तसं जमलं नाही.

मग सगळेच संघ मागच्या क्रमांकांवर भर का देत नाहीत? इथे एका कागदाची गोष्ट सांगावी लागेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज वरचेवर क्रमांकांची देवाणघेवाण करत होते. दर वेळी 'हा क्रमांक त्या दोघांच्या बदल्यात परवडतो का' हे चटकन कळावं म्हणून संघाचे एक भागीदार माइक मकॉय यांनी एक तक्ता बनवला. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. म्हणजे पहिला क्रमांक हवा तर सोळाव्यासारखे तीन मोजा. तक्ता हळूहळू सगळ्या लीगमध्ये पसरला. पण तो कशावरून बनला होता? आधी झालेल्या व्यवहारांवरून. लोक काय भाव देतात ते त्यात होतं. ते खेळाडू पुढे कसे निघाले हे त्यात नव्हतं. बाजारातला चालू भाव हीच मालाची खरी किंमत, असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी नेमकी ती दुसरी बाजू तपासली. थेलर म्हणजे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी क्रमांक, पगार आणि नंतरची प्रत्यक्ष कामगिरी एकमेकांशेजारी ठेवली. अगदी वरचे क्रमांक संघ फार चढ्या भावाने घेतात, आणि खर्च वजा जाता सर्वाधिक नफा त्या काळच्या पगाररचनेत पहिल्या फेरीच्या शेवटाकडे व दुसऱ्या फेरीत मिळत होता, असं त्यांना दिसलं. २०११ नंतर वरच्या क्रमांकांचे पगार उतरल्यामुळे हे चित्र थोडं बदललं. पण त्यांचा दुसरा निष्कर्ष मला जास्त हादरवून गेला. एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी निघाली. आणि याच जरा वरच्या जागेसाठी संघ भविष्यातले क्रमांक गहाण टाकतात. १९९९ साली न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका खेळाडूसाठी त्या वर्षीचे संघाचे सगळे क्रमांक दिले, वर पुढल्या वर्षीचा पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतला. विल्यम्स खेळाडू चांगलाच होता. पण संघ त्या मोसमात १६ पैकी ३ सामने जिंकला आणि डिटकांची नोकरी गेली.

वरचा माल महाग पडतो, इतपत कळलं. खालचा माल खाली का राहतो, त्यातलं पहिलं कारण लान्स आणि पर्डी यांच्यातच दिसतं. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटकडून फक्त एक पूर्ण मोसम खेळला होता. २०१९ च्या त्या मोसमात २८ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती एकही चेंडू नाही. पुढच्या वर्षी कोविडमुळे एकच सामना. अंगाने धिप्पाड, हात ताकदवान. पर्डी आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळला. त्याच्या चांगल्या चाली सगळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि वाईटही. उंची बेताची, फेकीत फार जोर नाही, कधीकधी भलतंच धाडस. चार वर्षांच्या चित्रफितींत प्रत्येक दोष सापडतो. एका वर्षाच्या चित्रफितीत उरलेली जागा पाहणारा आपल्या आशेने भरतो. मुलगी पाहायला गेलेल्यांना अर्ध्या तासात जे दिसतं आणि शेजाऱ्यांना वीस वर्षांत जे दिसतं, त्यातला हा फरक. ज्याच्याबद्दल अधिक माहिती आहे त्याची जोखीम खरं तर कमी असते, तरी भाव त्याचाच पडतो.

दुसरं कारण मोजपट्टी. ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, इंडियानापोलिसमध्ये कंबाइन नावाची चाचणी भरते. ४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर किती सेकंदांत धावतो, जागेवरून किती उंच उडी मारतो, १०२ किलोचा बार किती वेळा उचलतो. २००० साली मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी ते ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला आणि साडेचोवीस इंच उडाला. क्वार्टरबॅकसाठीही हे आकडे वाईटच. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ वा, न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे. पुढे सात सुपर बोल. त्याचं वैशिष्ट्य होतं ते समोरचा बचाव पाहून चेंडू लगेच योग्य हातात पोहोचवणं, आणि ते घड्याळाला दिसत नाही. घड्याळ खोटं बोलत नाही हे खरंच आहे. पण जे सहज मोजता येतं त्याला आपण नकळत जास्त वजन देतो. रसेल विल्सनची उंची पाच फूट अकरा इंचांना किंचित कमी भरली. आपल्याच सहा-सव्वासहा फुटी साथीदारांच्या डोक्यांवरून त्याला मैदान दिसणार कसं, ही शंका रास्त होती. उत्तर मात्र त्याच्या कॉलेजच्या सामन्यांत होतं, तिथेही पुढे उभे राहणारे तेवढेच उंच होते. फिलाडेल्फियाचा जेसन केल्सी सेंटरच्या, म्हणजे क्वार्टरबॅककडे चेंडू देणाऱ्याच्या, जागेसाठी हलका म्हणून १९१ व्या क्रमांकापर्यंत घरंगळला. तो १३ मोसम खेळला, सहा वेळा लीगमधला त्या जागेवरचा सर्वोत्तम ठरला. हलकेपणामुळेच तो धावत पुढे जाऊन दूरवरचे प्रतिस्पर्धी अडवू शकत होता.

तिसरं कारण सगळ्यात जुनं आणि मनाला सगळ्यात लागणारं. खेळाडू आहे, पण तो जिथे खेळतो तिथे पाहायला कुणी जात नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली कॉलेजं आहेत. वंशभेदाच्या काळात दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद ठेवलं, तेव्हा ही मुलं ग्रॅम्बलिंग, सदर्न, अलाबामा ए अँड एम अशा ठिकाणी खेळत. बहुतेक एनएफएल संघ तिकडे फारसं फिरकत नसत. पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीय समाजाच्या वृत्तपत्राचे क्रीडा संपादक बिल नन मात्र वर्षानुवर्षं तिथे जात होते. दरवर्षी ते या कॉलेजांतला सर्वोत्तम संघ छापत. प्रशिक्षक त्यांच्या ओळखीचे, खेळाडूंची घरं माहितीची. त्यांच्याच गावातला पिट्सबर्ग स्टीलर्स हा संघ त्यांच्याकडे कधी विचारायलाही आला नाही, याचा त्यांना राग होता. तो कानावर गेल्यावर संघाच्या मालक घराण्यातले डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतलं, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीला नन संघाचे स्काउट झाले.

नंतरच्या पाच-सात वर्षांत जे घडलं ते वाचताना मी दर वेळी थांबतो. १९६९ साली दहाव्या फेरीत एल. सी. ग्रीनवूड. १९७० साली तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट. आणि मग १९७४. अलाबामा ए अँड एमचा जॉन स्टॉलवर्थ ओल्या मैदानावर धावला, वेळ सामान्य आली, बाकीचे स्काउट पुढच्या गावाला निघून गेले. नन प्रकृतीचं निमित्त काढून मागे राहिले आणि कोरड्या जागी त्याला पुन्हा धावायला लावलं, अशी हकीकत सांगतात. प्रशिक्षक चक नोल स्टॉलवर्थला पहिल्याच फेरीत घ्यायला निघाले होते. नन यांनी सांगितलं, थांबा, इतर कुणाला त्याची किंमत कळलेली नाही, चौथ्या फेरीपर्यंत तो राहील. तो राहिला, ८२ व्या क्रमांकावर. त्या एका वर्षी स्टीलर्सने निवडलेले चार जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले: लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर. तेव्हा ड्राफ्टच्या १७ फेऱ्या होत असत. ४४२ नावं घेतली गेली. साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल त्या ४४२ मध्ये नव्हता. ड्राफ्ट आटोपल्यावर नन यांनी त्याला आणलं. शेलने कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्यांचे ५१ पास हवेतच पकडले, आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे. स्टीलर्सने सहा मोसमांत चार सुपर बोल जिंकले. नन २०१४ साली वारले. हॉल ऑफ फेमने त्यांना २०२१ साली घेतलं. भाव पडण्याचं कारण इथे खेळाडूत शोधून सापडणारच नव्हतं. ते पाहणाऱ्यांच्या पूर्वग्रहात होतं.

आज चित्रफिती सगळ्यांकडे पोहोचतात, म्हणून असा कोपरा आता सहसा उरत नाही. पण पूर्ण संपलेलाही नाही. जॉर्डन मायलाटा हा सिडनीचा रग्बी खेळाडू. सहा फूट आठ इंच उंच, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना आयुष्यात न खेळलेला. फिलाडेल्फियाने २०१८ साली त्याला सातव्या फेरीत २३३ वा घेतला. दोन मोसम नुसता शिकण्यात गेले. पुढे तो क्वार्टरबॅकची पाठ राखणारा भरवशाचा खेळाडू झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला. जॉर्ज किटलचं वेगळंच. आयोवा विद्यापीठाचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन धावण्यावर भर देणारा, त्यामुळे अख्ख्या कॉलेजच्या काळात त्याच्या नावावर पुरते पन्नास झेलही नव्हते. १४६ व्या क्रमांकावर सुटला. दुसऱ्याच मोसमात त्याने १३७७ यार्ड काढले. टाइट एंड या, अडवणं आणि झेलणं अशी दोन्ही कामं करणाऱ्या, जागेवरच्या कुणीही तोवर एका मोसमात इतके काढले नव्हते.

एवढं वाचून वाटेल, मग शेवटच्या फेऱ्यांतच हिरे असतात. तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. उन्हाळ्याच्या शिबिरात संघाकडे ९० जण असतात, मोसम सुरू होताना उरतात ५३. सहाव्या-सातव्या फेरीतले कितीतरी जण ऑगस्टअखेर घरी जातात आणि त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. ब्रेडीची गोष्ट आपल्याला आठवते, कारण तो ब्रेडी झाला. आणि पेट्रियट्सला तरी तो खरंच दिसला होता का? त्यांनी त्या वर्षी ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू घेतले. म्हणजे त्यांनीही त्याला सहा वेळा ओलांडलं. दिसलं होतं ते एवढंच, की इतक्या मागे हा अजून शिल्लक आहे, हे विचित्र आहे. मग त्यांनी एक अनवट गोष्ट केली: संघात सहसा दोन किंवा तीन क्वार्टरबॅक ठेवतात, त्यांनी चौथा ठेवला. पहिल्या वर्षी ब्रेडीने सगळे मिळून तीन पास फेकले. सप्टेंबर २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला, म्हणून त्याला संधी मिळाली. ब्लेडसो १९९३ चा पहिला क्रमांक होता. पर्डीचंही तेच. लान्सचा घोटा मोडला, मग डिसेंबर २०२२ मध्ये जिमी गॅरोपोलोचं पाऊल मोडलं, आणि तिसरा पर्डी उभा राहिला. त्याने नियमित मोसमातले पाचही सामने जिंकले. त्या दोन दुखापती झाल्या नसत्या तर तो आजही कुणाला ठाऊक नसता. स्वस्त माणसाला थोड्याशा अपयशावर काढून टाकतात, महागड्याला वाट पाहून सांभाळतात. म्हणून उशिरा निवडलेल्याला गुण असूनही दारात पाऊल ठेवायला दुसऱ्याच्या दुर्दैवाची गरज पडते. हे मला या खेळातलं सगळ्यात कठोर वास्तव वाटतं.

पेट्रियट्सचे त्या वेळचे अधिकारी स्कॉट पिओली यांनी पुढे अनेक वर्षं आपल्या टेबलावर एक फोटो ठेवला. ब्रेडीचा नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी, पाचव्या फेरीत घेतलेल्या आणि त्यांच्याकडून एकही सामना न खेळलेल्या खेळाडूचा. आपण किती हुशार आहोत असं वाटू लागलं तर पाहण्यासाठी.

शहाणे संघ म्हणूनच एका नावावर सगळं लावण्याऐवजी अधिक वेळा निवडायला मिळेल असं पाहतात. बाल्टिमोर रेव्हन्सने भरपाईचे जादा क्रमांक गोळा करण्याची सवयच लावून घेतली आहे. ड्राफ्ट संपल्या क्षणी न निवडलेल्यांसाठी फोनची झुंबड उडते, कारण ती मुलं आता स्वतः संघ निवडू शकतात. सातव्या फेरीत भलत्या संघाकडे जाण्यापेक्षा नावच न पुकारलेलं बरं, असं म्हणणारे एजंट असतात ते याचसाठी.

पर्डीचे तीन मोसम पुरे झाले आणि मे २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. स्वस्ताई संपली. त्याच वसंतात फोर्टीनाइनर्सने डीबो सॅम्युएलला वॉशिंग्टनला दिलं, आणि टलानोआ हुफांगा, ड्रे ग्रीनलॉ हे डेन्व्हरला गेले. रिकाम्या जागा भरण्यासाठी संघाने त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ११ जण घेतले. त्यातला नववा, सातव्या फेरीतला, एकूण २२७ वा, इंडियाना विद्यापीठाचा कर्टिस रोर्क नावाचा एक क्वार्टरबॅक होता. कॉलेजचा शेवटचा मोसम तो गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळला होता.